बाहेरच्याने आत जायचं नाही

बायकोला नववा आठवडा लागला त्या दिवशी त्याने जाहीर करून टाकलं, की आता घरात कुणी काळजी करायची नाही. काळजी करणं हा त्याचा पेशा होता आणि त्याचा पगार त्याला दर महिन्याला मिळत होता. साबणाच्या कारखान्यात तो सुरक्षा अधिकारी होता. तिथे उकळतं तेल होतं, अंगावर उडालं तर कातडी सोलून काढील असं कॉस्टिक होतं, आणि हेल्मेट घालायला सांगितलं की केस गळतात म्हणणारी चारशे माणसं होती. कामगारांनी त्याचं नाव थांबासाहेब ठेवलं होतं. तो कुठूनही उगवला की पहिला शब्द 'थांबा' हाच असायचा.

"चारशे जणांना सांभाळतो मी," तो बायकोला म्हणाला. "त्यात तुझं काय मोठंसं?"

बायको एका कॉलेजात ग्रंथपाल होती. आवाज न करता हसायची तिला सवयच होती. ती तशी हसली आणि म्हणाली, की ठीक आहे, पण योग मात्र सुरू ठेवणार.

हा योगाचा विषय डॉक्टरबाईंकडे आधीच निघाला होता. बायको गेली सहा वर्षं रोज योग करत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, तपासणीत सगळं व्यवस्थित आहे, हलका योग जरूर करा. पोटावर झोपायचं नाही, पोट पिळलं जाईल असं वळायचं नाही, डोकं खाली पाय वर असलं काही नाही, श्वास कोंडायचा नाही, गरम कोंदट खोलीत करायचा नाही. करताना बोलता येईल इतपतच दम लागू द्यायचा. चक्कर आली, दुखलं, अंगावर जरा जरी गेलं तर थांबायचं आणि सरळ फोन करायचा. बायकोने ऐकून मान हलवली. त्याने मात्र सगळं वहीत उतरवून घेतलं आणि शेवटी डॉक्टरबाईंना विचारलं, की 'गरम' म्हणजे नेमकं किती अंश? डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

एक गोष्ट दोघांनी अगदी पक्की ठरवली होती. बारा आठवडे होईपर्यंत कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही. मागच्या वर्षी पाचव्या आठवड्यातच त्याने सगळीकडे बोभाटा केला होता. आठव्या आठवड्यात सगळं संपलं. मग ज्यांना ज्यांना आनंदाने सांगितलं होतं, त्या प्रत्येकाला पुन्हा सांगत बसावं लागलं. काही जणांना तर तिने रस्त्यात उभं राहून सांगितलं होतं, हातात भाजीची पिशवी घेऊन. ते पुन्हा नको होतं. तीन आठवडे तोंडाला कुलूप, मग बघू.

सुरुवातीला ती गर्भवतींचा वर्ग घेणाऱ्या योगशिक्षिकेकडे गेली. हाही बरोबर गेला. त्याने खिडक्या मोजल्या, चटया पायाने सरकतात का ते पाहिलं, आग लागली तर सहा गर्भवती बायका कुठल्या दाराने बाहेर पडणार असा प्रश्न त्या सहा बायकांसमोरच विचारला. तिथल्या एकीला तिथेच घाम फुटला. शिक्षिका बाई सज्जन होत्या. त्यांनी तिला दोन दिवस नीट शिकवलं, घरी करायची सहा आसनं एका कागदावर लिहून दिली, आणि हे पाहुणे घरीच बरे असं अतिशय गोड शब्दांत सुचवलं.

म्हणून मग घरी. बायकोला वाटलं, सुटलो. झोपण्याच्या खोलीत चटई पसरायची, भिंतीशी उभं राहून ताडासन, मग हातांगुडघ्यांवर येऊन पाठीची सावकाश हालचाल, मग बद्धकोनासन, आणि शेवटी डाव्या कुशीवर लोड घेऊन दहा मिनिटं पडून राहायचं. अर्धा तास. सगळा दिवस मनात जे काहूर माजलेलं असायचं, पोटात जरा कुठे ओढ लागली की जो गोळा यायचा, तो तेवढा अर्धा तास जरा विरघळायचा. तिला योग हवा होता तो त्यासाठी. आसनं हे निमित्त होतं.

पण डॉक्टरबाईंचं 'बोलता आलं पाहिजे' हे वाक्य त्याच्या डोक्यात जाऊन बसलं होतं.

आता त्याच्या कारखान्यातली एक पद्धत सांगायला हवी. तिथे तेलाच्या मोठमोठ्या टाक्या आहेत आणि त्या साफ करायला माणूस आत उतरतो. आत हवा खराब असू शकते, माणूस गपकन बेशुद्ध पडतो. म्हणून एक आत आणि एक बाहेर अशी जोडी असते. बाहेरचा तोंडाशी बसतो आणि दर मिनिटाला विचारतो, "ठीक?" आतला म्हणतो, "ठीक." तीनदा विचारून उत्तर आलं नाही, तर बाहेरच्याने शिट्टी वाजवायची आणि कंट्रोल रूमला फोन करायचा. पण स्वतः आत जायचं नाही. कितीही जवळचा माणूस आत असो, जायचं नाही. कारण असल्या अपघातांत आतल्यापाठोपाठ वाचवायला उडी घेणारा जातो, आणि मग त्याला काढायला तिसरा. हा नियम त्याने इतक्या जणांच्या गळी उतरवला होता, की झोपेत विचारलं तरी त्याच्या तोंडून तोच बाहेर पडला असता.

तर पहिल्या संध्याकाळी बायकोने दार लोटून घेतलं. ताडासनात तिने दोन्ही हात वर नेले, डोळे मिटले, श्वास संथ झाला. आणि दाराबाहेरून आवाज आला.

"ठीक?"

ती दचकून भिंतीवर आदळता आदळता राहिली. दार उघडून पाहते तर हा बाहेर स्टुलावर बसलेला. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ, मांडीवर वही.

तिने त्याला समजावलं, की बोलता आलं पाहिजे याचा अर्थ बोलत राहिलं पाहिजे असा नाही. त्याला ते पटलं नाही. बोलता येतंय की नाही हे बोलल्याशिवाय कळणार कसं, असा त्याचा बिनतोड सवाल होता. शेवटी दर मिनिटाचं दर दोन मिनिटांवर आलं. अर्ध्या तासात पंधरा वेळा. ती श्वास सोडत शांततेच्या अगदी काठाशी पोचायची आणि बाहेरून 'ठीक?' यायचं, की पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या दिवशी ती तोंडाने बोलायचं सोडून नुसती टिचकी वाजवू लागली. ते त्याने नियमात बसवून घेतलं. सहाव्या दिवशी ती म्हणाली, की माझा रक्तदाब मोजायला यंत्र आण, मी योगाने बिघडलेला रक्तदाब दाखवते. त्याने खरंच आणलं.

बरं, तो हे गमतीने करत नव्हता. दारामागे काय चाललंय हे न दिसणं त्याला सहन होत नव्हतं. ऑफिसातही तो दर तासाला तिला फोन करी आणि 'सहजच' म्हणून ठेवून देई. तिला ते दिसत होतं, म्हणून ती चिडूनही फार चिडत नव्हती.

नवव्या दिवशी तिला दुपारपासूनच झोप अनावर होत होती. त्या दिवसांत झोप येतेच. योग करून दहा मिनिटं अगदी निवांत पडावं असं तिला इतकं वाटलं, की तिने आसनं होईपर्यंत इमानाने टिचक्या वाजवल्या आणि शेवटी कुशीवर वळताना कानात कापसाचे बोळे घातले. एक दिवस, तिने मनाशी म्हटलं. एक दिवस हा दोन-चार टिचक्यांवाचून राहील. आणि लोडाला मिठी मारून ती गाढ झोपली.

"ठीक?" बाहेरून विचारणा झाली.

उत्तर नाही.

"ठीक?" जरा मोठ्याने.

उत्तर नाही.

"ठीक का?" हे जवळजवळ ओरडूनच.

दार समोर होतं. कडी लावलेली नव्हती. हात पुढे केला असता तर उघडलं असतं. पण त्याचा हात उचलेचना. त्याने तोंडात शिट्टी धरली आणि असेल नसेल तेवढा दम एकवटून वाजवली.

त्या शिट्टीने अख्खा जिना जागा झाला. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू गळ्यात मोजपट्टी तशीच लटकवून धावत वर आल्या. समोरचे निवृत्त मुख्याध्यापक एका गालाला साबण आणि दुसरा गाल साफ अशा अवस्थेत बाहेर आले. काय झालं, काय झालं, असं दोघं विचारत होती आणि हा दाराला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभा होता.

"आत जायचं नाही," तो म्हणाला. "कुणीही आत जायचं नाही."

"आत कोण आहे?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"बायको."

"कुणाची?"

"माझीच."

"अरे, मग तुला कोण अडवतंय?" काकू म्हणाल्या. "जा की आत!"

पण तोवर त्याने फोन लावला होता. नियमाप्रमाणे कंट्रोल रूमला. तिथे वीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलेल्या बाई होत्या. त्यांचा आवाज कधी वर चढत नसे आणि खाली उतरत नसे. आणीबाणीत विचारायचे तीन प्रश्न त्यानेच त्यांच्याकडून घोटून घेतले होते. कुठे, आत किती, आणि कधीपासून उत्तर नाही.

"कुठे?" बाईंनी विचारलं. त्याने घराचा पत्ता सांगितला. बाईंनी 'घर?' असं एका अक्षरानेही विचारलं नाही, लिहून घेतला.

"आत किती माणसं?"

तो थांबला. फोनमधून बाईंच्या पेनाचा आवाज येत होता.

"दोन," तो म्हणाला.

"नक्की दोन?"

"दोन, बाई. लिहा. दोघंही उत्तर देत नाहीत."

काकूंनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मग त्या जराशा वाकल्या, त्याच्या पसरलेल्या हाताखालून सरळ गेल्या आणि त्यांनी दार ढकललं.

आत पंखा मंद फिरत होता. बायको डाव्या कुशीवर, गालाखाली हात घेऊन, तोंड किंचित उघडं ठेवून झोपली होती. घोरत होती म्हटलं तर तिला राग येईल, पण घोरत होती. काकूंनी खांद्याला हात लावला तशी ती जागी झाली. तिने आधी काकूंना पाहिलं, मग अर्ध्या दाढीचे मुख्याध्यापक पाहिले, मग उंबऱ्यात बसकण मारलेला नवरा पाहिला. कानांतले बोळे काढून ती म्हणाली,

"चहाला आलात का सगळे?"

बाराव्या मिनिटाला कारखान्याचं बचाव पथक हजर झालं. तिघं जण, पाठीवर सिलिंडर, तोंडाला मुखवटे, जिना चढताना धापा टाकत. पीडित व्यक्ती कुठे, असं पथकप्रमुखाने विचारलं तेव्हा बायकोने शाळेतल्यासारखा हात वर केला. मग पथक हजर झालं की हवा तपासायचीच असते म्हणून त्यांनी झोपण्याच्या खोलीतली हवा यंत्राने तपासली. हवा उत्तम होती. काकूंनी तिघांना पाणी दिलं आणि त्यातल्या एकाच्या खांद्याचा उसवलेला शिवणीचा टाका दाखवून उद्या घेऊन ये म्हणून सांगितलं.

पथक गेल्यावर बायकोने काकूंकडे वळून काहीतरी बोलायला सुरुवात केली. आता सांगावंच लागणार होतं. ती म्हणाली, "काकू, ते दोन म्हणजे..."

"माहीत आहे गं," काकू म्हणाल्या. "पंधरा दिवस झाले."

कसं माहीत, असं याने विचारलं तेव्हा काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. एका रविवारात जिन्याच्या बावीसच्या बावीस पायऱ्यांना घसरू नये म्हणून पट्ट्या कुणी चिकटवल्या? 'कठडा धरूनच चढावे' ही पाटी कुणी लावली? बायकोची पर्ससुद्धा खांद्याला अडकवून रोज तिच्या पुढे एक पायरी उलटा कोण चालतो? मुख्याध्यापक म्हणाले, की पहिल्या दिवशी त्यांना वाटलं हा पर्स वापरायला शिकतोय, पण दुसऱ्या दिवशी समजलं.

"मग तुम्ही काही बोलला कसे नाही?" बायकोने विचारलं.

काकू मोजपट्टी गुंडाळत होत्या. त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी तू मला जिन्यात सांगितलं होतंस. तुझा चेहरा आठवत होता. म्हटलं, या वेळी तिला सांगावंसं वाटेल तेव्हाच ऐकायचं. वरखाली सगळ्यांना तसं सांगूनच ठेवलं होतं मी."

मुख्याध्यापकांनी वाळलेला साबण पुसला आणि आपण निघतो म्हणाले. काकूही गेल्या. दोघंच उरली.

बायको चटईवर बसली होती. तो अजून उंबऱ्यातच होता.

"दार उघडं होतं रे," ती म्हणाली. रागाने नाही.

"नियम आहे."

"घरात कसला नियम?"

त्याने गळ्यातली शिट्टी काढून ठेवली. मग म्हणाला, की मागच्या वर्षी न्हाणीघराचं दार त्याने उघडलं होतं. तीनदा हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणून उघडलं. ती फरशीवर बसली होती. तेव्हापासून त्याला बंद दार उघडायची भीती वाटते. कुठलंही. ऑफिसातल्या कपाटाचंसुद्धा. हे त्याने वर्षभरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे असंच त्याला वाटलं नव्हतं.

"आणि आमच्याकडे कारण नसलेला अपघात नसतोच," तो म्हणाला. "शोधलं की सापडतं. पट्टी नव्हती, झाकण उघडं होतं, कुणीतरी विसरलं. मी वर्षभर शोधतोय. मी काय विसरलो ते सापडत नाही."

"सापडणार नाही," ती म्हणाली. "डॉक्टरबाईंनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. माझं काही चुकलं नव्हतं, तुझंही नाही. बहुतेक वेळा ते कुणाच्या हातातच नसतं. तू तेव्हा वहीत लिहून का नाही घेतलंस?"

त्याला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं. ती उठून त्याच्याशेजारी उंबऱ्यावर येऊन बसली.

"आणि समजा पुन्हा..." तो म्हणाला.

"समजा पुन्हा झालं, तर या वेळी मला कुणाला सांगत हिंडावं लागणार नाही," ती म्हणाली. "काकू सगळीकडे सांगतील. मी रडत बसेन आणि तू माझ्याजवळ बसशील. बाहेर नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो आत बसेल असं ठरलं. अट एकच होती, तोंड बंद.

पण त्याआधी सकाळी कंट्रोल रूमच्या बाई एक फाइल घेऊन त्याच्या केबिनमध्ये आल्या. पथक बाहेर पडलं की अहवाल भरावा लागतो, मग साहेब असो की आणखी कुणी. बाईंनी तो स्वच्छ अक्षरात भरला होता. ठिकाण, राहतं घर. आतली माणसं, दोन. हवा, उत्तम. बाहेर काढलेली माणसं, शून्य. उत्तर न मिळण्याचं कारण, झोप. त्याने खाली मान घालून सहीसाठी पेन उघडलं. बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"पहिल्या व्यक्तीचं नाव लिहिलंय. दुसऱ्या व्यक्तीचं राहिलंय."

"राहू द्या."

"रकाना रिकामा ठेवायचा नाही, साहेब. तुमचंच परिपत्रक आहे."

त्याने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे नेहमीप्रमाणे काहीही नव्हतं. मग त्याने लिहिलं, 'ठरायचं आहे.'

"मग ही बाब प्रलंबित झाली," बाई म्हणाल्या. "प्रलंबित बाबीपुढे पूर्ततेची तारीख लागते."

तारीख त्याला माहीत होती. डॉक्टरबाईंनी सांगितली होती तेव्हा वही समोर उघडी असूनही ती एवढी एक गोष्ट त्याने लिहिली नव्हती. बायकोजवळ कधी उच्चारलीही नव्हती. त्याने पेन कागदावर टेकवलं. मग त्याने दिवस लिहिला, महिना लिहिला, वर्ष लिहिलं आणि खाली सही केली.

बाईंनी तारीख वाचली. फाइलीखाली त्यांची बोटं काहीतरी मोजत होती.

"चार दिवस पुढेमागे झाले तरी चालेल, साहेब," त्या म्हणाल्या आणि फाइल बंद करून गेल्या.

नियमात अशी सवलत कुठेही नव्हती. थांबासाहेबांनी बाईंना थांबवलं नाही.